डॉर्कस मॉक्सनची एक इंच रेघ

…तेवढ्यात डॉर्कसनं पिशवीतून ते कार्ड काढलं आणि त्या शेतकऱ्याच्या नाकासमोर धरलं. काल आपण इथंच थांबलो होतो, बरोबर? वासरू विकायला काढलेलं, गिऱ्हाईक अंगणात उभं, आणि शेतकरी छातीवर हात ठेवून सांगतोय की हे माझ्या सगळ्यांत दुधाळ गाईचं वासरू. डॉर्कसच्या कार्डावर त्या वासराचं चित्र होतं, जन्मल्याच्या आठवड्यात तिनं स्वतः काढलेलं. डाव्या खांद्यावर बुटाच्या आकाराचा पांढरा डाग आणि खाली आईचं नाव. ती आई म्हणजे मागच्या गोठ्यातली लंगडी गाय.

"अगं बाई, दोन्ही गाई माझ्याच ना?" शेतकरी दात आवळून म्हणाला. "कुणाच्या का पोटचं असेना, काय फरक पडतो?"

"तुला नसेल पडत," डॉर्कस म्हणाली. "त्या लंगडीला विचारून बघ."

गिऱ्हाईक हसत निघून गेलं. शेतकरी दोन वर्षं डॉर्कसशी बोलला नाही, पण दूध मोजायला त्यानं दुसऱ्या कुणाला बोलावलंही नाही. यावरून काय ते समजा.

आमच्या लिंकनशायरच्या टेकड्यांत, स्टेनवेल गावाच्या आसपास, डॉर्कस मॉक्सननं चौतीस वर्षं हेच काम केलं, दूध-नोंदणीचं. संध्याकाळच्या धारेला एका गोठ्यावर जायचं, पुन्हा सकाळच्या धारेला तिथंच, प्रत्येक गाईचं दूध काट्यावर तोलायचं, लहान बाटलीत नमुना घ्यायचा आणि नवीन वासरू असेल तर त्याचे काळे-पांढरे डाग कार्डावर उतरवायचे. कार्डावर गाईची बाह्यरेखा आधीच छापलेली असे, डावी बाजू, उजवी बाजू आणि तोंड. डाग तेवढे आपण भरायचे. सबंध भागातल्या गाईंची सात-सात पिढ्यांची वंशावळ त्या बाईला तोंडपाठ. माणसांची नावं मात्र विसरायची. मी तिच्या शेजारचा सुतार, माझं नाव एनॉक, आणि मला ती बरीच वर्षं "ते दाराचे बिजागर" म्हणून हाक मारायची, कारण पहिल्यांदा भेटलो तेव्हा मी तिच्या दाराचे बिजागर बसवत होतो.

आता क्लेमची ओळख करून देतो, कारण त्याच्याशिवाय ही गोष्टच नाही.

क्लेमेंट केटल्सबी हा आमच्या गावचा, दुसऱ्याची जमीन खंडानं कसणारा शेतकरी. लग्न केलं नाही. चाळीस गाई, एक कुत्रं आणि एक अभिमान. तो अभिमान आमच्या चर्चमध्ये पडून आहे. आत शिरलं की डाव्या हाताला दगडी चौथऱ्यावर सरदार राल्फ द केटल्सबी उताणा झोपलेला आहे. हात जोडलेले, नाक तुटलेलं आणि पायाशी दगडी कुत्रा. सहाशे वर्षांपूर्वी स्टेनवेलची सगळी जहागीर त्याच्या घराण्याची होती. क्लेम पाच वर्षांचा असताना बापानं त्याचा हात त्या दगडी कुत्र्याच्या डोक्यावर ठेवून सांगितलं होतं, "हे आपले लोक." बापाला त्याच्या बापानं सांगितलं होतं. तेव्हापासून क्लेम दर रविवारी त्याच बाकावर बसायचा आणि जाता-येता त्या कुत्र्याच्या डोक्यावर हात फिरवायचा. कान तर पार झिजून गेले.

शाळेत आम्ही त्याला फार छळलं. "सरदारसाहेब, आपली तलवार विसरली," असं म्हणून त्याच्या हातात शेण ओढायचं खोरं द्यायचो. तो घ्यायचा आणि ताठ मानेनं चालत जायचा. आमच्या बाईंनी एकदा सगळ्यांना उभं करून विचारलं, मोठेपणी कोण होणार? कुणी आगगाडी हाकणार म्हणालं, कुणी खाटीक. क्लेम म्हणाला, "मी आहेच." बाईंनी लगेच पुढच्या मुलाला विचारलं.

असो. तर एकदा धार चालू असताना क्लेमनं डॉर्कसला विचारलं, "तू गाईंचं एवढं काढतेस, माझं का नाही काढत?"

"तुझं काय काढायचं?"

"सरदार राल्फपासून माझ्यापर्यंत. मधली माणसं."

डॉर्कसनं काट्यावरचा आकडा आधी लिहून घेतला, मग म्हणाली, "आईकडून काढावं लागेल. बापाचं काही खरं नसतं."

"माझ्या आज्यासमोर असं बोलली असतीस तर त्यानं कुत्रं सोडलं असतं!"

"म्हणूनच तुझ्यासमोर बोलतेय."

असं ते सुरू झालं आणि सतरा वर्षं चाललं. गावाला वाटायचं, हे दोघं लग्न करतील. गावानं वाट बघितली, मग कंटाळून सोडून दिलं. दर गुरुवारी ती त्याच्या स्वयंपाकघरात यायची, तो मनुकांचा पाव कापायचा, त्यावर चीजचा जाड तुकडा ठेवायचा, आणि ती त्या आठवड्यात सापडलेलं माणूस टेबलावर मांडायची.

मांडायची म्हणजे खरोखरच. तिनं कामावरची उरलेली कार्डं आणली होती. पुढं गाईची बाह्यरेखा, मागं कोरं. त्या कोऱ्या बाजूवर एकेक केटल्सबी. एकदा आमचे पाद्री पेल्हम घरी आलेले असताना त्यांनी सहज एक कार्ड उलटलं, तर सरदार राल्फच्या पाठीमागं गाय! बिचारे म्हणाले, "मिस मॉक्सन, हे जरा… म्हणजे, सरदार होते ते."

"तिचीही वंशावळ चांगली आहे," डॉर्कस म्हणाली.

ती लॅटिन शिकली, तीही पन्नाशीत, शहरातल्या संध्याकाळच्या वर्गाला बसनं जाऊन. काउंटीच्या दप्तरखान्यातल्या लोकांनी आधी तिला दारातूनच परत पाठवायचा प्रयत्न केला, पुढं तेच तिला कातड्यावर लिहिलेली जुनी लॅटिन दप्तरं वाचायला बोलावू लागले. तिची रीत गोठ्यातलीच होती. आधी जिवंत जनावर, मग त्याची आई, मग तिची आई. उडी मारायची नाही. इथं नाव बापाकडून आलेलं म्हणून आईऐवजी बाप, एवढाच फरक. क्लेमपासून मागं चर्चच्या जन्ममृत्यूच्या वह्या धरून ती साडेचारशे वर्षं गेली. वह्या संपल्या तिथून जहागिरीच्या कचेरीची कातडी. बाप मेला की मुलानं कचेरीत यायचं आणि जमीन आपल्या नावावर करून घ्यायची, अशी पद्धत होती, त्यामुळं नुसत्या मरणांवर पाय ठेवत ती मागं मागं गेली. आणि शेवटी पोचली वॉल्टर नावाच्या माणसापाशी. केटल्सबीचा वॉल्टर. स्टेनवेलमध्ये तीस एकर जमीन. साल तेराशे सत्तरच्या आसपास.

दुसऱ्या बाजूनं सरदार राल्फची मुलं तिला केव्हाच सापडली होती. थोरला गिल्बर्ट. धाकट्यांची नावं कातडं उंदरांनी खाल्ल्यामुळं गेलेली.

क्लेमच्या दृष्टीनं झालंच की! वॉल्टर म्हणजे राल्फचा धाकटा. मध्ये फक्त एक इंचाची रेघ ओढायची.

त्या वर्षी क्लेम त्र्याऐंशीचा झाला. गुडघे गेले, गाई विकल्या. शरद ऋतूत शेत सोडून शहरातल्या वृद्धाश्रमात जायचं ठरलं होतं. त्याच्या पाठी कुणी नाही. जाण्याआधी त्याला एकच गोष्ट हवी होती, चर्चमध्ये सरदाराच्या शेजारी ओकच्या फळीवर सबंध वंशवृक्ष, आणि त्याच्या तळाशी 'क्लेमेंट' हे नाव. पाद्री तयार होते. त्यांची अट एवढीच, की खाली डॉर्कसचं नाव हवं, म्हणजे कुणी शंका काढणार नाही. फळी मी केली. अक्षरंही मीच रंगवत होतो. जुलैतल्या चर्चच्या वाढदिवसाला ती लावायची होती. क्लेम दिवसाआड माझ्या कारखान्यात यायचा. "माझं नाव कुठं येणार?" मी बोट ठेवून दाखवायचो. तोही तिथं बोट ठेवायचा, आणि मग काहीतरी हवापाण्याचं बोलून निघून जायचा.

मे महिन्यात एका सकाळी डॉर्कस कारखान्यात आली. ती बसली नाही. म्हणाली, "एनॉक, ती रेघ ओढू नकोस." मला नावानं हाक मारली, तेव्हाच मी ब्रश खाली ठेवला.

झालं होतं असं. राल्फ मेला तेव्हा गिल्बर्ट लहान होता. असा वारस लहान असला की जहागीर राजाच्या ताब्यात जायची, आणि मुलगा एकवीस वर्षांचा झाला हे सिद्ध केल्यावरच परत मिळायची. पण सिद्ध कसं करायचं? तेव्हा जन्माच्या वह्या नव्हत्या. म्हणून गावातल्या बारा वयस्कर माणसांना शपथेवर विचारायचे, हा मुलगा जन्मला तो दिवस तुला कशावरून आठवतो? एक सांगे, त्या दिवशी मी घोड्यावरून पडून पाय मोडला. दुसरा सांगे, माझं घर जळालं. तिसरा सांगे, माझी आई पुरली. बारा म्हाताऱ्यांच्या बारा आठवणी, आणि त्यांवर एका जहागिरीचा निकाल! मला हे ऐकून इतका आनंद झाला म्हणून सांगू. म्हणजे नुसत्या गोष्टी सांगून कामाला येणारी माणसं एके काळी या देशात होती.

गिल्बर्टच्या बारा साक्षीदारांत दहावा होता केटल्सबीचा वॉल्टर. डॉर्कसनं त्याची साक्ष उतरवून आणली होती. तिनं ती उभ्यानं वाचली:

"वॉल्टर, वय साठ आणि वर, शपथेवर सांगतो की हा गिल्बर्ट संत बार्नबसच्या दिवशी जन्मला आणि त्याच दिवशी त्याचा बाप्तिस्मा झाला. हे त्याला आठवतं, कारण त्या दिवशी तो केटल्सबीहून, आपला बाप ह्यू, जो तिथं सरदाराची डुकरं राखत असे, त्याच्या घरून, मधमाश्यांच्या उठलेल्या मोहोळामागं गवताची टोपली घेऊन धावत आला, आणि ते मोहोळ स्टेनवेलच्या चर्चच्या दारावर बसलं. आत बाप्तिस्मा चालू होता. बाळाला घेतलेली धर्ममाता त्या दारानं बाहेर येईना, आणि उत्तरेच्या लहान दारानंही जाईना, कारण बाप्तिस्म्यात बाळातून निघालेला सैतान नुकताच त्याच दारानं बाहेर गेला होता. वॉल्टरनं मोहोळ टोपलीत भरेपर्यंत दुपार झाली, बाळ भुकेनं रडत राहिलं, आणि सरदार राल्फनं दाराआडून वॉल्टरला शिव्या दिल्या."

मी इतका हसलो की डोळ्यांतून पाणी आलं. मग डोळे पुसताना माझ्या लक्षात आलं की डॉर्कस हसत नाहीये.

"डुकरं राखणारा ह्यू," ती म्हणाली. "वॉल्टर सरदाराचा मुलगा नाही. केटल्सबी गाव सोडून इकडं आला म्हणून लोक त्याला केटल्सबीचा म्हणू लागले. सरदारही तिथूनच आलेला, म्हणून तोही केटल्सबीचा. एवढाच संबंध. मी आणि क्लेम सतरा वर्षं ज्याला रक्त समजत होतो ते नुसतं गाव होतं."

ते गावही आता उरलेलं नाही. चार मैलांवर एका कुरणात जमिनीवर नुसते उंचवटे आहेत. त्यांवर मेंढ्या चरतात.

"एक इंच आहे गं," मी म्हणालो. "मी ओढतो. तू तिकडं खिडकीकडं बघ."

"खाली माझं नाव लिहिणार आहेस ना?"

"लिहिणार."

"मग मी कुठंही बघितलं तरी काय उपयोग?"

पाद्रींनी तर यातूनही पळवाट काढली. शिकलेला माणूस तो. त्यांनी कुठं तरी वाचलं होतं की त्या काळच्या साक्षी बहुतेक बनावट असत. लेखनिकाकडं ठराविक दहा-पंधरा गोष्टी असायच्या, तेच मोडलेले पाय आणि तीच जळालेली घरं, आणि त्या तो माणसांना वाटून द्यायचा. "म्हणजे बघा, मिस मॉक्सन," पाद्री आनंदानं म्हणाले, "वॉल्टरही बनावट असू शकतो! मग क्लेमच्या विरुद्ध पुरावाच उरत नाही."

डॉर्कसनं ते उडवून लावलं नाही. ती तीन आठवडे दप्तरखान्यात बसून सगळ्या काउंट्यांच्या साक्षींचे खंड वाचत राहिली. मोडलेले पाय तिला एकतीस सापडले. जळालेली घरं चौदा. गिल्बर्टच्या बारांपैकी आठ साक्षी दुसरीकडं शब्दन् शब्द तशाच सापडल्या. पण मोहोळ एकही नाही. परत येऊन ती पाद्रींना म्हणाली, "बार्नबसचा दिवस जूनमध्ये येतो. मोहोळं जूनमध्येच उठतात. आणि दुसरं असं, की खोटंच बोलायचं असतं तर माणसानं आपला बाप डुकरं राखणारा कशाला सांगितला असता?"

पाद्रींनी हार मानली. मग म्हणाले, "क्लेमला कोण सांगणार?"

"सतरा वर्षं गुरुवारी मीच जातेय," डॉर्कस म्हणाली.

त्या गुरुवारी तिनं मला बरोबर नेलं. फळीचं माप घ्यायचं निमित्त केलं होतं, पण मला वाटतं, तिला परत येताना कुणीतरी सोबत हवं होतं. क्लेमनं पाव कापलेला होता. तिनं कार्ड ठेवलं आणि सगळं सांगितलं, सरळ, मध्ये न थांबता. साक्ष वाचून दाखवली आणि तो कागद लोण्याच्या बशीखाली सरकवला.

क्लेमनं चीजचे तुकडे पावावर ठेवले. एक माझ्यापुढं ठेवला, एक तिच्यापुढं.

"डुकरं?" तो म्हणाला.

"हो."

"तू कार्डं भरताना कधी चुकली नाहीस?"

"दोनदा चुकले."

"मग हे तिसऱ्यांदा असेल."

"नाही, क्लेम."

त्यानं सुरी पुसून बाजूला ठेवली. "एकोणचाळीस साली गोठ्यात रोग आला. सगळी जनावरं मारावी लागली, अठ्ठावीस. त्या रविवारी मी चर्चमध्ये गेलो आणि त्या कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिलो. म्हटलं, या लोकांनी यापेक्षा मोठं काहीतरी सोसलं असेल. तेव्हा तू म्हणाली असतीस का, की क्लेम, हा तुझा कुणी नाही?"

डॉर्कस म्हणाली, "तेव्हा मला माहीत नव्हतं."

"आता आहे," क्लेम म्हणाला. "आता मी जाणार इथून, आणि आता तुला माहीत झालं. चहा झाला असेल तर निघा दोघं."

आम्ही निघालो. रस्ताभर ती माझ्यापुढं दोन पावलं चालत होती. तिच्या फाटकाशी मात्र थांबून म्हणाली, "पाव राहिला तिथंच." सतरा वर्षांत पहिल्यांदाच.

त्यानंतर पाच आठवडे क्लेम तिच्याशी बोलला नाही. माझ्या कारखान्यातही आला नाही. चर्चमध्ये त्यानं जागा बदलली, सगळ्यांत मागच्या बाकावर बसायला लागला आणि सरदाराच्या शेजारून जाताना हात कोटाच्या खिशात ठेवायचा. गावात बातमी फुटली होती. दारूच्या गुत्त्यात कुणीतरी डुकराचा आवाज काढला. क्लेमनं पेला अर्धा ठेवला आणि उठून गेला. मी त्या आवाज काढणाऱ्याला म्हणालो, "तुझा बाप कोण ते डॉर्कसला शोधायला सांगू का?" त्यानं पेल्यात तोंड घातलं. पण उठून गेलेला माणूस काही परत येत नाही. मी डॉर्कसलाही बोललो. म्हटलं, तुझं खरं बरोबर आहे, पण त्या खऱ्यानं क्लेमला कुठं नेऊन बसवलंय ते बघ. ती म्हणाली, "बघतेय. रोज बघतेय." तिनं त्या महिन्यात कुणाच्याच वंशावळीला हात लावला नाही. माझ्या पोरीनं आपल्या आज्याचं काहीतरी विचारलं, तर म्हणाली, "नंतर बघू."

जुलैचा तो रविवार आला. फळी लागली. वर राल्फ, त्याखाली गिल्बर्ट, त्याची मुलगी मार्जरी, आणि मार्जरीच्या नावापुढं 'निपुत्रिक'. सापडलेलं घराणं तिथं संपलं. खालची जागा कोरी राहिली. मी रंधा मारून तिला इतकी गुळगुळीत केली होती की त्यात खिडक्या दिसत होत्या.

प्रार्थना संपल्यावर लोक चहाला बाहेर गेले. क्लेम आत राहिला. काठी टेकत फळीपाशी गेला आणि सगळं वाचलं, दोनदा. मग उत्तरेच्या भिंतीशी गेला. ते लहान दार केव्हाच विटांनी बुजवलंय, नुसती कमान दिसते. तिच्याकडं थोडा वेळ बघितलं. मग मोठ्या दाराबाहेर येऊन, मान मागं टाकून, वरच्या दगडाकडं बघत उभा राहिला. आम्ही कप घेऊन तिथंच होतो, डॉर्कस आणि मी.

"इथंच बसलं असेल ना मोहोळ?" तो कुणाकडंही न बघता म्हणाला.

"वाऱ्याची बाजू बघता, डाव्या कोपऱ्यात," मी म्हणालो.

"तुला कुणी विचारलं, एनॉक?"

मी चहाचा घोट घेतला. त्यानं खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. त्यावर लोण्याचा डाग होता. तो उघडला नाही, नुसता हातात धरला.

"डॉर्कस," तो म्हणाला, "सतरा वर्षं माझ्या हातचा पाव खाल्लास. मी तुझ्याकडं दुसरं काही मागितलं नाही. एक इंच रेघ. दोन महिन्यांनी मी जाणार, माझ्यामागं कुणी नाही, खोटं पकडणाराही कुणी नाही. तरी तुझ्याच्यानं ओढवली नाही. का?"

डॉर्कसनं कप खाली भिंतीवर ठेवला.

"राल्फला काय कमी आहे, क्लेम? झोपायला चौथरा आहे, पायाशी कुत्रा आहे, आणि सहाशे वर्षं सगळं गाव तो आपला म्हणून सांगत आलंय. वॉल्टरला आपला म्हणणारं कुणीच राहिलं नाही, तुझ्या आज्यानंही त्याला टाकलं. आज जगात त्याचं एकच माणूस उरलंय, तू, आणि तुला राल्फच्या नावावर लावून मी मोकळी झाले असते, तर तुला हे विचारायचंच राहून गेलं असतं, म्हणून आता विचारते. वॉल्टर तुला हवाय की नको, ते सांग."